पडक्या विहिरीचा रंग

आमच्या घरी गौरी असतात तोवर सगळे उकळलेलं पाणी पितात. का, ते कुणी विचारत नाही, कारण मी विचारू देत नाही. धाकट्या सुनेने पहिल्या वर्षी धीर करून विचारलंच, "आई, हा नेम कुठल्या पोथीत आहे?" मी म्हटलं, "डोंबिवलीच्या." ती हसली. मी काही बोलले की हसायचं, अशी घरात रीत पडून गेली आहे, आणि तिला माझाच इतक्या वर्षांचा पाचकळपणा जबाबदार आहे. पण त्या दिवशी मी थट्टा करत नव्हते.

हा नेम ज्या घरातून आला त्या घराच्या मालकांबद्दल लिहायला बसले आहे. नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना मालक म्हणायचो, तेवढं पुरे.

मालक म्हणजे उंच, वाळका, घाऱ्या डोळ्यांचा माणूस. अंगात बंडी, डोक्याला उन्हाने विटलेली रेल्वेची टोपी आणि हातात लोखंडी टोक बसवलेली काठी. सगळी नोकरी रुळांच्या देखरेखीत गेलेली, आणि तीही तिकडे कर्नूल-नंद्याळच्या बाजूला, चुनखडीच्या मुलखात. निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंबिवलीला, स्टेशनापासून चांगलं लांब, भाताच्या खाचरांना लागून जागा घेतली आणि बैठी चाळ बांधली. उंचवट्यावर त्यांचं घर आणि त्याला जोडून खोल्यांची एक ओळ. उताराला दुसरी ओळ. आम्ही उतारावरचे.

खोली बघायला गेलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. माझं लग्न ताजं होतं. आमचे हे ठाण्याच्या एका गिरणीत कारकून. नोकरी कुठे, माणसं किती, मूळ गाव कोणतं, असं काहीबाही विचारतील म्हणून यांनी उत्तरं पाठ करून ठेवली होती. मालकांनी यातलं काही विचारलं नाही. ओट्यावर एक पांढुरका दगड ठेवलेला होता, त्यावर त्यांनी अर्धं लिंबू पिळलं. दगडावर बारीक फेस आला. "कान लावा," म्हणाले. यांनी लावला. मी डोक्यावरून पदर घेऊन उभी; मलाही लावायला लावला. काहीतरी अगदी बारीक चुरचुरताना ऐकू आलं.

"दगड बोलतो," मालक म्हणाले. "आंबटात विरघळतो हा. पावसाचं पाणीसुद्धा थोडं आंबटच असतं. युगानुयुगं पाऊस मुरला की आत भुयारं होतात. वरून बघाल तर जमीन, खाली चाळण."

बाहेर आल्यावर मी यांना विचारलं, मालक वैद्य आहेत का. हे म्हणाले, असतील, पण खोलीला खिडकी चांगली आहे.

मालक काठी टेकवत चालत नसत, आपटत चालत. आपटायची, मान वाकडी करून क्षणभर ऐकायचं, मग पुढचं पाऊल. अंगणात तेच, देवळाच्या पायरीवर तेच, स्टेशनाच्या फलाटावरही तेच. एकदा आमचे हे ओट्यावर पेपर वाचत बसले होते, तर मालकांनी यांच्या पाठीला काठीचं टोक हळूच लावलं आणि "भरीव आहे" असा निर्वाळा दिला. तो दाखला यांनी मला पुढे कितीतरी वर्षं ऐकवला. मी म्हणायची, पाठीपुरताच होता तो, डोकं तपासायला ते विसरले.

या आपटण्याने मालकांना एकदा मोठं केलं होतं. नोकरीत असताना रुळालगतची जमीन त्यांना पोकळ वाटली. वरच्या साहेबाने वेड्यात काढलं. मालकांनी कुणाला न विचारता लाल निशाण दाखवून मालगाडी थांबवली, आणि गाडी उभी असतानाच पुढचं शेत सगळ्यांच्या देखत आत बसलं. त्या खड्ड्यात बैलांसकट बैलगाडी मावली असती म्हणे. ही गोष्ट खरी असावी, कारण सांगताना ते ती वाढवत नसत. दर वेळी तेवढाच खड्डा आणि तेवढीच बैलगाडी. पण त्या दिवशी आणखी एक झालं असावं, ते मला फार उशिरा उमगलं. चार माणसं आपल्याला वेड्यात काढतात तेव्हा आपलंच बरोबर असतं, असं त्यांच्या मनाने कायमचं घेतलं.

दुसरी गोष्ट दोन गावांची. डोंगराच्या वरच्या अंगाला एक गाव, खालच्या अंगाला दुसरं. वरच्या गावाचा ओढा जमिनीतल्या एका भोकात गडप व्हायचा. खालच्या गावात काचेसारख्या पाण्याचा झरा होता. दोहोंचा एकमेकांशी संबंध असेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. एका वर्षी खालच्या गावात पटकीची साथ आली. तेव्हा मालकांच्या साहेबाने वरच्या भोकात भाताचा कोंडा ओतायला लावला, आणि तो कोंडा खालच्या झऱ्यातून तरंगत बाहेर आला.

"वरच्यांनी गुरं धुतली, खालच्यांनी माणसं उचलली," असं म्हणून मालक थोडे थांबायचे. मग काठी आपटायची. "वरचं पाणी, खालचं पाणी असं काही नसतं. पाणी एकच. मध्ये जमीन आहे म्हणून आपल्याला दोन वाटतात."

आणि पूर आला असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. पूर येत नाही, उठतो, म्हणायचे. तिकडे पाऊस थांबून, आभाळ निवळून, लोकांनी गोधड्या उन्हात घातल्यावर शेतातून पाणी वर यायचं आणि बघता बघता तळं व्हायचं. वरून थेंब नाही. जमिनीचं पोट भरलं की ती ओकते, असं ते आम्हा बायकांना अगदी जेवणाच्या वेळी समजावून सांगत.

या सगळ्या गोष्टी त्यांच्या बायकोला तोंडपाठ होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हसल्या की डोळे मिटायचे. मालक गोष्ट सांगताना कुठे अडखळले तर आतून आवाज यायचा, "आता बैलगाडी." एकदा लोणच्याची लिंबं चिरताना मला म्हणाल्या, "अगं, माझं निम्मं लोणचं त्या दगडाने खाल्लं. पण दगडाला तरी बोलतं केलंन त्यांनी. आमच्या आयुष्यात मला नाही विचारलंन कधी, तुझं काय म्हणणं आहे." हे त्यांनी इतकं हसत सांगितलं की मीही हसले.

आता मुख्य दुखणं. उताराच्या ओळीत पावसाळ्यात पाणी शिरायचं. आमच्या पहिल्याच पावसाळ्यात माझा शालू ठेवलेली ट्रंक पलंगावर, पलंगावरचं अंथरूण टेबलावर, आणि टेबलावर बसून मी स्टोव्हवर पिठलं करतेय, अशी वरात निघाली. माझं माहेर बाळकुमचं. खाडीचं पाणी मला नवं नव्हतं, पण ते घरात पाहुणं म्हणून येत नसे. उताराच्या सगळ्या बिऱ्हाडांनी मालकांकडे गटार मागितलं. ते शेजारच्या प्लॉटमधून न्यावं लागणार होतं, आणि शेजाऱ्याशी मालकांचं बोलणं बंद होतं. का, तर त्याने एकदा रस्त्यात "काय चुनखडीबाबा, आज जमीन काय म्हणते?" असं विचारलं होतं. त्या एका नावापायी गटार राहिलं.

मालकांनी गटाराऐवजी दुसरी युक्ती काढली. उताराच्या टोकाला, संडासांच्या अलीकडे, चाळीच्याही आधीची एक पडकी विहीर होती. कठडा ढासळलेला, तळाला गाळ, वर फळ्या टाकलेल्या. तिचं पाणी कुणी वापरत नसे. पिण्याची गोडी विहीर उताराच्याच दुसऱ्या टोकाला होती. मालकांनी ठरवलं की अंगणाचं, पन्हळीचं, मोऱ्यांचं सगळं पाणी चर खणून पडक्या विहिरीत सोडायचं. चुनखडीच्या मुलखात जमिनीतली भोकं अख्खे ओढे गिळतात. ही विहीर आपलं अंगण गिळेल.

वरच्या ओळीत पोस्टात नोकरी करणारे एक गृहस्थ होते. तिरकं बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओट्यावर सगळे जमले असताना ते म्हणाले, "मालक, तुमच्या त्या कोंड्याचं काय? इकडे गिळलेलं तिकडे गोड्या विहिरीत निघालं म्हणजे?"

मालकांचा चेहरा बदलला. आपलीच गोष्ट कुणी आपल्यावर उलटवेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तो मुलूख वेगळा," ते म्हणाले. "हा काळा पाषाण आहे. लिंबू पिळा, नाहीतर टोपलीभर पिळा, हूं की चूं करत नाही. यातून पाणी हिंडत नाही."

"पाणी एकच असतं, असं आपलं ऐकून होतो," पोस्टातले म्हणाले.

मग मालकांनी सगळ्यांसमोर परीक्षा घ्यायचं ठरवलं. पडक्या विहिरीत रंग टाकायचा आणि गोड्या विहिरीवर नजर ठेवायची. रंग आणण्याचं काम आमच्या यांच्याकडे आलं. भरीव माणूस म्हणून असेल. यांनी गिरणीच्या रंगखात्यातल्या ओळखीने किरमिजी रंगाचा डबा आणला, आणि येताना टोपी, कान आणि डबा ठेवलेला मांडीचा भाग रंगवून घेतला.

दिवस वैशाखाचे. पडक्या विहिरीच्या तळाशी पाऊलभर पाणी. मालकांनी डबा उपडा केला, पाणी रक्तासारखं झालं. गोड्या विहिरीवर आम्ही बायका पाळी लावून बसलो. मी तर शेवया घेऊन बसले होते. घागरी काढायच्या, पांढऱ्या पातेल्यात ओतायच्या, बघायचं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला तरी रंगाचा लवलेश नाही. पोस्टातल्या गृहस्थांनी मालकांच्या पाया पडल्यासारखं केलं. मालकांनी ते खरं धरलं. काकूंनी सगळ्यांना पन्हं दिलं.

वैशाखात जमीन कोरडी ठणठणीत असते आणि तळाचं पाणी गाळातल्या रंगासकट जिथल्या तिथे बसून असतं, हे आमच्यापैकी कुणाला सुचायचं कारण नव्हतं. मालकांना सुचायला हवं होतं. पाऊस संपल्यावर उठणाऱ्या पाण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने परीक्षा भर उन्हाळ्यात घेतली. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. त्यांना उत्तर आधीच हवं होतं, एवढंच म्हणेन.

चर खणला. आषाढात पाऊस लागला आणि विहिरीने पाणी गिळलं. खरोखर गिळलं हो. मोऱ्यांचं, अंगणाचं, संडासांकडून वाहत आलेलं, सगळं गडगड करत आत जायचं आणि विहीर भरायची नाही. आमच्या खोलीचा उंबरा कोरडा. मुलगा तेव्हा रांगायला लागला होता, त्याला मी पहिल्यांदा पावसाळ्यात जमिनीवर सोडला. शेजारच्या चाळींतले लोक बघायला यायला लागले. मालक चराच्या कडेला उभे राहून काठीने दाखवायचे. नारळीपौर्णिमेला आम्ही उतारावरच्या बिऱ्हाडांनी त्यांना नारळ दिला. त्या सुमारास ते इतके सुखी होते की लिंबू पिळायचेसुद्धा विसरले.

श्रावण संपता संपता झड लागली ती गणपतीपर्यंत हटली नाही. मग एका सकाळी आभाळ एकदम मोकळं झालं. गौरी आणायचा दिवस होता. लख्ख ऊन पडलेलं, चर आटलेला, अंगणात बायकांनी कपड्यांचे ढीग काढलेले. मी खोलीत उंबऱ्याशी रांगोळीने गौरीची पावलं काढत होते. पावलं ओली व्हायला लागली. वर बघितलं, छप्पर कोरडं. खाली बघितलं तर फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपून वर येत होतं. गढूळ नाही, घाई नाही. माझ्या डोळ्यांदेखत रांगोळी सुटी होऊन तरंगायला लागली. मी बाळाला उचलून मालकांकडे धावले आणि धापा टाकत म्हटलं, "मालक, पूर उठला." आला म्हटलं नाही; तेवढी शिकवण झाली होती.

मालक माझ्याकडे बघत नव्हते. ते गोड्या विहिरीच्या कठड्याशी उभे होते, समोर नुकतीच काढलेली घागर. घागरीतलं पाणी गुलाबी होतं. फार नाही. गुलाबाची पाकळी चुरून टाकावी तेवढं.

दोन-तीन बायका घागरी घेऊन आल्या, पोस्टातले गृहस्थ दात घासत आले. "अरे, हे काय मालक? रंगपंचमी?" मागून आमचे हेही आले. सगळे पाण्याकडे आणि मग मालकांकडे बघायला लागले. मालकांनी काठी उचलली, पण आपटली नाही.

"औषध टाकलंय," ते म्हणाले. "विहिरीचं लाल औषध. पहाटे मीच टाकलं. साथीचे दिवस आहेत."

दर पावसाळ्यात विहिरीत लाल औषध पडायचं आणि पाणी गुलाबी व्हायचं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. उलट दोघीतिघी म्हणाल्या, बरं झालं बाई, कुणाला तरी काळजी आहे. पोस्टातल्या गृहस्थांनी मात्र विचारलं, "लगेच प्यायला हरकत नाही ना?" मालकांनी घागरीतून तांब्या भरला आणि घटाघट प्यायला.

काकू तिथेच धुण्याच्या दगडावर मालकांचं धोतर पिळत होत्या. धोतर गुलाबी झालं होतं. त्यांनी ते उन्हात धरून पाहिलं, आपले हात पाहिले, आणि मला विचारलं, "गेल्या साली औषध पडलं तेव्हा आपले हात कसे गं झाले होते?"

"तपकिरी," मी म्हटलं. "चार दिवस जात नव्हते."

"हं," म्हणाल्या, आणि धोतर दोरीवर न घालता घडी करून आत घेऊन गेल्या.

थोड्या वेळाने काकू हळदीकुंकवाचं सांगायला खोलीखोलीत हिंडल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं. म्हणाल्या, "यंदा आमच्या गौरीचा नेम आहे हो. सगळ्या चाळीने पाळायचाय. पाणी उकळून प्यायचं, लेकराबाळांनीसुद्धा. सव्वा महिना. मोडायचा नाही." देवीच्या नेमाला का म्हणून विचारायची आमची छाती नव्हती. आरोग्यशास्त्रासाठी जिने वाटीभर रॉकेल जाळलं नसतं, तिने देवीसाठी दोन वेळा स्टोव्ह पेटवला. मी त्यातलीच एक.

त्यांच्याकडे गौरी खड्यांच्या. आमच्या माहेरी मुखवट्याच्या. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की यांचे मुखवटे हरवले असतील. रीत अशी की घरच्या सवाष्णीने पाणवठ्यावर जायचं, सात खडे घ्यायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि खडे घरात आणून मांडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मांडून झाल्यावर चूळ टाकायची. बरोबर एकीने घंटा वाजवत चालायचं. त्या वर्षी ती घंटा माझ्या हातात होती, म्हणून मला पुढचं अगदी जवळून दिसलं.

काकूंनी गोड्या विहिरीच्या काठचे खडे वेचले, घागरीतून ओंजळ घेतली आणि तोंड भरलं. आम्ही अंगण चढून आलो. ओट्यावर मालक उभे होते, भोवती चाळीतले सगळे. काकू त्यांच्यासमोर आल्या आणि थांबल्या.

थांबायची रीत नव्हती. मी घंटा वाजवतच राहिले. काकूंचे गाल फुगलेले, हातात तबक, आणि नजर सरळ मालकांच्या तोंडावर. हसत नव्हत्या. मालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "चला, चला. देवीला उन्हात उभी करू नका."

काकू आत गेल्या. खडे मांडले. चूळ टाकायला मी तसराळं पुढे केलं. त्यांनी मान हलवली आणि ती चूळ गिळली.

मला वाटलं, त्यांच्याकडची असेल एखादी पद्धत.

मालक त्या दिवसापासून रोज सकाळी ओट्यावर बसून सगळ्यांना दिसेल असं विहिरीचं पाणी प्यायचे. उकळलेलं नव्हे, तसं प्यायले असते तर आपल्याच औषधावर त्यांचा भरवसा नाही असं झालं असतं. आणि मालक ज्या भांड्यातून प्यायचे त्याच भांड्यातून काकू प्यायच्या. सगळी चाळ नेम पाळत होती. नेमाच्या घरात तेवढा तो पाळला जात नव्हता.

रंग लवकरच ओसरला. आमच्या खोलीतलं पाणीही जसं उठलं तसं बसलं. गौरी गेल्यावर काही दिवसांत काकूंना ताप भरला. मालकांना काही झालं नाही. तो माणूस भरीव होता.

विषमज्वर म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. ते कल्याणहून यायचे. मी दुपारी काकूंजवळ बसायची. उतारावर राहणाऱ्या बायकांना दुपारी दुसरं काम काय. एकदा ताप थोडा उतरलेला होता, मालक औषध आणायला गेलेले. काकू म्हणाल्या, "नेम पाळतेस ना?"

"पाळते की."

"नेमबिम काही नव्हता गं. ते औषध नव्हतं, रंग होता. औषधाचं पाणी भरून ठेवलं की तपकिरी पडतं. मी घागर भरून ठेवली होती, संध्याकाळपर्यंत गुलाबीच."

मग मी विचारलं की तुम्ही ती चूळ का गिळलीत.

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

"मी थांबले होते ना त्यांच्यासमोर," त्या म्हणाल्या. "वाटलं, 'अगं, टाक ती' एवढं म्हणतील. लोकांत नका सांगू, मला एकटीला तरी म्हणतील. नाही म्हणाले. मग टाकून मी कुणाला काय दाखवणार होते?"

दसऱ्याच्या आधी काकू गेल्या.

चाळ हळहळली. मालकांचं सगळ्यांना वाईट वाटलं. बिचाऱ्याने विहिरीत औषध टाकून सगळ्यांना वाचवलं आणि त्याच्याच घरात असं व्हावं, हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की मला त्याची चाल पाठ झाली. पोस्टातले गृहस्थसुद्धा गहिवरले. मालक ऐकून घ्यायचे. "नाही" म्हणायचे नाहीत.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांनी पडकी विहीर बुजवली आणि शेजाऱ्याकडे जाऊन गटाराचं बोलून आले. शेजाऱ्याने लगेच वाट दिली म्हणे. वर म्हणाला की आधी यायचंत. काम इतकं सोपं होतं, हे ऐकून मी घरी येऊन एक पातेलं आपटलं. चाळीत मात्र, दुःखाने माणूस कसा निवळतो, असं बोललं गेलं.

भाद्रपद आला. गौरी आणायला मालकांच्या घरात सवाष्ण नव्हती. ओळीतल्या ओळीत आम्हीच बायकांनी आपापल्या गौरी केल्या आणि स्टोव्हवर पाण्याची पातेली चढवली. मालक काठी न आपटता आमच्या दाराशी आले. ओळीतल्या सगळ्या दारांतून वाफ दिसत होती.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

"गौरीचा नेम. पाणी उकळून प्यायचं."

"आमच्याकडे असा नेम नाही. कुणी काढला हा?"

मी सांगितलं. कुठल्या दिवशी काढला, का काढला, घागर संध्याकाळपर्यंत कशी गुलाबी राहिली, सगळं सांगितलं. चुळीचंही सांगितलं, आणि त्या त्यांच्यासमोर कशासाठी थांबल्या होत्या तेही. सांगायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मालक दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मी म्हटलं, बसा. बसले नाहीत. काठीचं टोक आमच्या उंबऱ्यावर ठेवून तसेच राहिले. मग त्यांनी विचारलं, "नेम किती दिवसांचा म्हणालीस?"

"सव्वा महिन्याचा. पण आम्ही आता गौरीपुरताच ठेवलाय. रॉकेल मिळत नाही."

"हं," म्हणाले, अगदी काकूंसारखं, आणि गेले.

आम्ही त्या चाळीत आणखी काही वर्षं काढली. मालकांनी खरं काय ते कुणालाही सांगितलं नाही. नवं बिऱ्हाड आलं की लिंबू, दगड, मालगाडी, सगळं पूर्वीसारखं व्हायचं. फक्त अडखळले की आतून कुणी "आता बैलगाडी" म्हणायचं नाही, आणि दोन गावांची गोष्ट त्यांनी टाकून दिली होती. विहिरीत त्या वर्षी औषध टाकल्याची गोष्ट मात्र लोकच नव्या माणसांना सांगायचे, आणि मालक समोर बसून ती खाली मान घालून ऐकायचे. मी तिथे असले की माझ्याकडे बघायचे नाहीत.

आमच्या शेजारची खोली एका तरुण जोडप्याने घेतली, त्या वेळची गोष्ट. दिवस मार्गशीर्षाचे, गणपती-गौरी होऊन कितीतरी काळ लोटलेला. त्या मुलाने मालकांच्या ओट्यावर स्टोव्ह पाहिला. मालक स्वतः उकिडवे बसून पाणी उकळत होते. मला हे ठाऊक होतं. गौरी असोत नसोत, बाराही महिने ते दोन वेळा उकळायचे, दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत, आणि दुसऱ्या कुणाच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत.

मुलाने सहज विचारलं, "काय आजोबा, विहीर चांगली आहे ना? सगळे म्हणतात, तुम्ही औषध टाकता."

"विहीर चांगली आहे," मालक म्हणाले.

"मग हे कशाला?"

मी ओट्याखाली कपडे वाळत घालत होते. मालकांनी स्टोव्हला हवा भरली. पाण्याला उकळी फुटू दिली.

"घरचा नेम आहे," ते म्हणाले. "बायको सांगून गेली."